माकडताप, काजूच्या बागा आणि रानाची कड

सातेरी | २ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मंडळी, काजूचा हंगाम तोंडावर आलाय आणि त्याच्याबरोबर माकडतापाचाही. सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातली सत्तरी या पट्ट्यातल्या लोकांना गोचीड चावून येणारा हा ताप काय असतो ते सांगायला नको. पण इथे मुंबई-पुण्याचे आणि परदेशातले वाचकही आहेत. शिवाय दरवर्षी या दिवसांत व्हॉट्सॲपवर एकच सूर लागतो: माकडांमुळे ताप येतो, माकडं हटवा. त्याला नीट उत्तर द्यावं म्हणून हा धागा काढतेय. माझं शिक्षण प्राणिशास्त्राचं, माहेर दोडामार्ग तालुक्यातलं, आणि या विषयावर मिळेल ते मी वाचत असते.

सुरुवात १९५७ ची. शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. तिथे माकडं मरून पडायला लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पीतज्वर भारतात शिरला की काय, या धास्तीने पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची (म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची) माणसं तातडीने तिथे पोचली. टेल्फर्ड वर्क तेव्हा तिथले संचालक होते. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. रशियात गोचिडींमुळे जो मेंदूज्वर होतो, त्याच्या विषाणूचा हा भाऊबंद निघाला. सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर तो आला असावा, अशी तेव्हा शंका होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग काढायचं मोठं काम हाती घेतलं. पक्ष्यांवरचा आळ काही सिद्ध झाला नाही. स्थलांतराबद्दलची केवढी तरी माहिती मात्र आपल्याला त्या कामातून मिळाली.

आता गोचिडीकडे वळू. विषाणू मुख्यतः वाहते ती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची जात. अंड्यातून बाहेर आल्यावर तिच्या तीन अवस्था असतात, आणि प्रत्येक अवस्थेत एकदाच पोटभर रक्त लागतं, तेही दर वेळी नव्या प्राण्याचं. पावसाळ्यात अंडी घातली जातात. पाऊस सरला की खसखशीएवढी पिल्लं निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, खार, माकड, जे सापडेल त्याला चिकटतात. पोट भरलं की पाचोळ्यात गळून पडतात आणि कात टाकतात. मग नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत दुसऱ्या अवस्थेतल्या गोचिडी भुकेल्या बसून असतात. माणसाला चावतात त्या मुख्यतः याच. जूनचा पाऊस पडला की पूर्ण वाढलेल्या गोचिडी बाहेर येतात, आणि त्यांना मोठं जनावर लागतं: गाय, म्हैस, सांबर, गवा.

हे महिने आपल्या कामांशी जरा ताडून बघा. थंडीपासून शिमग्यापर्यंत आपण काय करतो? भाजावळीसाठी (शेतजमीन भाजायला) पातेरा म्हणजे वाळका पाला गोळा करतो, कवळ म्हणजे झाडाच्या पानांच्या फांद्या तोडतो, जळणाच्या काटक्या आणतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजूखाली वाकून बिया वेचतो. गोचीड ज्या पाचोळ्यात बसलेली असते, त्याच पाचोळ्यात आपले उघडे हात-पाय असतात.

आणि माकड? लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघांनाही हा विषाणू जबर लागतो आणि त्यांच्यातली पुष्कळ दगावतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू उदंड असतो, त्याच्या अंगावरच्या गोचिडी तो पिऊन घेतात. माकड मेलं की त्या सगळ्या तिथेच आसपास गळतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीची जागा सर्वांत धोक्याची. पण माकडापासून थेट माणसाला हा रोग होत नाही, माणसापासून माणसालाही नाही. मधे गोचीड लागतेच.

मग १९५७ लाच तो उफाळला कसा? होर्हे बोशेल नावाच्या कोलंबियन शास्त्रज्ञाने त्या जंगलांत राहून अभ्यास केला आणि १९६९ साली आपलं म्हणणं मांडलं. माझ्या मते आजही याहून चांगली सुरुवात सापडत नाही. विषाणू रानात आधीपासून होता, उंदीर-चिचुंद्री-गोचीड अशा साखळीत गपगुमान फिरत होता. लोकवस्ती वाढली, भातशेतीसाठी रान आत-आत तुटत गेलं, गुरं रानात चरायला जाऊ लागली. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, म्हणजे त्यांच्यापासून गोचिडीला लागण होत नाही. पण पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आयतं रक्त मिळालं आणि तिची पैदास बेसुमार वाढली. तुटलेल्या रानाच्या कडेला घाणेरी माजली, तिच्या जाळ्यांत उंदरांची सोय झाली. गोचिडीच्या तिन्ही अवस्थांना लागणारे प्राणी असे एकाच पट्ट्यात एकत्र आले आणि माणूसही रोज तिथूनच जाऊ-येऊ लागला.

बोशेलच्या मांडणीची सगळ्यांत वाईट खूण पुढे १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडमध्ये दिसली. बेळ्तंगडी तालुक्यात निडले इथे काजू लागवडीसाठी जुनं रान तोडलं. रानात माकडं मेली, मग तोडकाम करणारे मजूर आजारी पडले, आणि त्या साथीत दीड हजारांहून जास्त माणसांना ताप आला. या रोगाचा एवढा मोठा उद्रेक त्याआधी कधी झाला नव्हता.

त्यानंतर बरीच वर्षं हा कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांचाच आजार समजला जायचा. २०१२ मध्ये बंडीपूरला माकडं मेली, मग निलगिरी, वायनाड. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात तो आला आणि २०१६ च्या जानेवारीत आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्या वर्षी बांदा. सत्तरी आणि दोडामार्ग, दोन्हीकडे आजारी पडले ते मुख्यतः काजूत राबणारे लोक.

एवढं लिहून थांबते. ज्यांना प्रत्यक्षातलं माहीत आहे त्यांनी भर घालावी. वाद घालायचा असेल तरी जरूर या.

शंकासुर | २ फेब्रुवारी, रात्री १०.५५

लेख आवडला, पण एक अडचण आहे. रान तोडल्याने रोग वाढतो म्हणता, तर जिथे रान जवळपास उरलंच नाही तिथे तो सर्वांत जास्त हवा. आमच्याकडे कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात माकडताप नाही. म्हणजे पूर्ण तोडलं तर रोग जातो, असाही अर्थ निघतो. आणि ज्याने तोडलं नाही त्याने ताप भोगायचा, हा कुठला न्याय?

सातेरी | २ फेब्रुवारी, रात्री ११.३०

शंकासुर, प्रश्न अगदी योग्य जागी लावलात. उघड्या शिवारात माकडताप नाही, कारण तिथे त्या गोचिडीला सावली आणि ओल नाही. अखंड सदाहरित रानाच्या पोटातही माणसांत साथ उठत नाही, तिथे रोज जातंय कोण? धोका आहे तो दोघांच्या सांध्यावर. २०२० मध्ये भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी मिळून शिमोग्याचा नकाशा तपासला. कुठल्या गावांत रोग येतो आणि कुठल्या गावांत येत नाही, हे बघताना त्यांना दिसलं, की ओलं सदाहरित रान आणि लागवडीच्या बागा एकमेकांत मिसळलेल्या आहेत आणि शिवाय देशी गुरांची संख्या भरपूर आहे, अशा ठिकाणी धोका जास्त.

आता दोडामार्गचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. डोंगरावर रान, उतारावर काजू, मधे रबर आणि अननस, खाली घरं, आणि गुरं रानात सोडलेली. पूर्वी रान आणि वाडी यांच्यात एकच सीमा असायची, आता प्रत्येक डोंगराला दहा तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला चार बाजूंनी कड. रान तुकड्यांत तुटत जातं तेव्हा आधी कड वाढत जाते, रान फारच थोडं उरलं की मग ती घटते. त्या मधल्या काळात आज आपण आहोत.

न्यूजर्सीकर | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सातेरीताई, इथे अमेरिकेत बसून तुमचा लेख वाचताना वाटलं, की आमच्या परसाचंच वर्णन आहे. इथे लाइम नावाचा आजार आहे, कनेटिकटमधल्या लाइम गावावरून नाव पडलं. तोही गोचिडीचाच, पण जंतू विषाणू नव्हे, जीवाणू. इथल्या सरकारी अंदाजानुसार वर्षाला सुमारे ४,७६,००० लोकांवर त्यासाठी उपचार होतात. मुलं बागेतून खेळून आली की गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड शोधायची, हा आमच्याकडे उन्हाळ्यातला रोजचा नेम आहे.

इथला मुख्य दोषी प्राणी पांढऱ्या पायांचा उंदीर. त्याला चावलेल्या बहुतेक गोचिडींना लागण होते. रानाचा तुकडा लहान झाला की मोठे प्राणी निघून जातात, हा उंदीर मात्र कुठेही टिकतो. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत २००३ साली रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि फेलिशिया कीसिंग यांच्या गटाने वेगवेगळ्या आकाराचे रानाचे तुकडे तपासले, तर दोन हेक्टरांहून लहान तुकड्यांत लागण झालेल्या गोचिडी सर्वांत दाट निघाल्या. त्यांचं म्हणणं असं, की रानात प्राण्यांच्या जाती पुष्कळ असल्या तर गोचिडीचे बरेच चावे अशा प्राण्यांवर वाया जातात ज्यांच्याकडून तिला जंतू मिळत नाही. त्यामुळे रोग पातळ होतो.

पण शंकासुरांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. इथे एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी रान जवळपास साफ झालं होतं. नंतर शेती पश्चिमेकडे सरकली, रान परत वाढलं, हरणं परत आली, आणि मग त्या नव्या रानात घरं घुसली. लाइमची साथ आली ती या परत आलेल्या रानात. तेव्हा ‘रान तुटलं म्हणून रोग’ एवढं सरळ इथेही नाही.

शंकासुर | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

धन्यवाद. माझी शंका नेमकी हीच होती. प्राण्यांच्या जाती जास्त म्हणजे त्यांच्या पोटातले विषाणूही जास्त. मग जैवविविधता हा रोगावरचा उतारा कसा? तो पर्यावरणवाल्यांचा आवडता सिद्धांत आहे म्हणून खरा मानायचा का?

गुरांचा_डॉक्टर | ३ फेब्रुवारी, दुपारी २.२०

मी सरकारी पशुवैद्यक, निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. गोचिडीबद्दल एक गैरसमज काढतो. गाईच्या कानात, आचळापाशी फुगलेली राखाडी गोचीड सगळ्यांनी पाहिलेली असते. ती बहुतेक वेळा रिपिसेफॅलस नावाच्या जातीची, आणि ती जन्मभर एकाच जनावरावर राहते. माकडतापाची गोचीड वेगळी. ती रानातली, सातेरीताईंनी लिहिलंय तशी तीन जनावरं बदलणारी. त्यामुळे गोठा फवारून माकडताप जाईल ही आशा धरू नका. उपयोग होतो तो पावसाळ्यात, रानात चरून येणाऱ्या गुरांवर गोचीडनाशक लावण्याचा, कारण मोठ्या गोचिडी तेव्हाच त्यांच्यावर चढतात. एक मादी गळून पडली तर अंडी हजारांनी घालते. ती पडण्याआधी मेली पाहिजे.

रानातली गोचीड मोजतात कशी ते एकदा प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे. काठीला पांढरं फलाणीचं कापड बांधून पाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यायचं आणि थोड्या थोड्या अंतरावर उलटून बघायचं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग नजर बसते आणि तपकिरी ठिपके चालताना दिसतात. वाळक्या माळावर कापड कोरं निघतं. काजूच्या सावलीत, जिथे पाचोळ्याचा थर घोटाभर असतो आणि बाजूला झाळी असते, तिथे उचललं की ठिपकेच ठिपके. मोजणारा माणूस चिमट्याने एकेक उचलून बाटलीत टाकतो. त्याच्या पायात गमबूट आणि पँट मोज्यांत खोचलेली असते. शेजारी बिया वेचणाऱ्या बाईच्या पायांत काहीही नसतं.

शंकासुर, जैवविविधतेचं म्हणाल तर एक उदाहरण माझ्याच खात्यातलं देतो. गिधाडं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत होतो, सगळेच देत होते, स्वस्त आणि गुणकारी. ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. थोड्याच वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली. कारण २००४ मध्ये कळलं, गुरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. दरम्यान ढोरं कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाण्यात घाण गेली. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी, एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, हिशेब मांडला, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. एक पक्षी गेला आणि एवढं झालं. सिद्धांत बाजूला ठेवा, हे आमच्या डोळ्यांदेखत झालंय.

सातेरी | ३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

डॉक्टर, मनापासून आभार. ते कापडाचं वर्णन मी आमच्या गावच्या ग्रुपवर पाठवलं.

शंकासुर, ‘जाती जास्त तर विषाणूही जास्त’ हे खरंच आहे, आणि वैज्ञानिकांत यावर चांगली जुंपलेली आहे. ऑस्टफेल्ड-कीसिंग यांच्या मांडणीवर २०१२ मध्ये सारा रँडॉल्फ आणि अँड्र्यू डॉब्सन यांनी कडक टीका केली. अमेरिकेतला ओपॉसम हा पोटपिशवीचा प्राणी गोचिडी फस्त करतो हा लाडका दाखलाही पुढे डळमळला, कारण रानातल्या ओपॉसमांची पोटं तपासली तर त्यांत गोचिडी सापडल्या नाहीत. तेव्हा ‘जैवविविधता म्हणजे लस’ असं मी म्हणणार नाही.

पण जातींचा नुसता आकडा मोजण्यापेक्षा, रान बिघडलं की मागे कोण उरतं ते बघायला हवं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरच्या साडेसहा हजारांहून जास्त ठिकाणांच्या नोंदी एकत्र केल्या. माणसाने वापरात घेतलेल्या जमिनीवर, शेजारच्या रानाच्या तुलनेत, माणसाला रोग देऊ शकणाऱ्या प्राण्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. विशेषतः उंदीरवर्गीय प्राणी, वटवाघळं आणि लहान पक्षी. जे भराभर पिल्लं देतात, काहीही खातात आणि माणसाच्या आसपास टिकतात, त्यांच्यातच आपल्याला लागणारे जंतू जास्त. गवा, शेकरू, धनेश हे पहिल्यांदा जातात. उंदीर राहतो.

मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह विषाणूची साथ आली तेव्हाही हेच. वराहपालनाच्या शेडांशेजारी आंब्याची झाडं, झाडांवर फळं खाणारी वटवाघळं, त्यांची उष्टी फळं खाली डुकरांत. वटवाघळं आणि त्यांच्यातला विषाणू आधीपासून होते. नवीन होती ती शेजारची मांडणी. शंभराहून जास्त माणसं गेली आणि दहा लाखांवर डुकरं मारावी लागली.

आणि न्याय कुठला, हा तुमचा पहिला प्रश्न मला फार लागला. त्याचं उत्तर खाली कुणीतरी प्रत्यक्षातलं द्यावं असं वाटतं.

रानमेवा | ३ फेब्रुवारी, रात्री १०.४५

मी वाचत असते, लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्या वाडीत गेल्या वर्षी हंगामात वानर मेलेला सापडला. रोज वापरातल्या पायवाटेवर, ओढ्याच्या अलीकडे. सगळ्यांनी बघितला. खबर कुणीच दिली नाही. माझ्या चुलत सासऱ्यांना मी म्हटलं, कळवूया. तर म्हणाले, “गप रव गे. खबर दिलास तर रान बंद करतले, मगे काजी कोण पुंजावतलो आणि वरसभर खातलंव काय?” रात्री दोघांनी जाऊन तो पुरला. हातमोजे नाहीत, काही नाही.

त्यांना दोष कसा देऊ? आमच्याकडे रोख पैसा येतो तो या तीन-चार महिन्यांत. मुलीची फी, दुकानाची उधारी, सगळं काजूवर. तुम्ही म्हणता रानाच्या कडेला जाऊ नका, पण आमचं घरच कडेला आहे. आमच्या वरचा डोंगर बाहेरच्या माणसाने घेतला, एका वर्षात साफ केला आणि रबर लावलं. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तिथली माकडं खाली आमच्या बागेत आली. आता ताप आला तर पाचोळ्यात हात घालणारी मी. डोंगर घेणारा इथे राहतसुद्धा नाही.

शंकासुर | ३ फेब्रुवारी, रात्री ११.२०

रानमेवाताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत. मी विचारलं होतं, ज्याने तोडलं नाही त्याने का भोगायचं. तो प्रश्न सिद्धांतवाल्यांना नव्हे, डोंगर विकत घेणाऱ्याला आणि परवानगी देणाऱ्याला विचारायला हवा.

शिरसीकर | ४ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

आम्ही शिरसीचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या सुपारीच्या बागांतले. इकडे बागेला लागून ‘सोप्पिनबेट्टा’ असतो, म्हणजे पालापाचोळ्यासाठी राखलेला रानाचा तुकडा. तिथून पानं आणून बागेत आणि गोठ्यात घालायची. तुमच्या पातेऱ्यासारखंच. म्हणजे धोका आमच्या शेतीच्या पद्धतीतच विणलेला आहे, आणि ती पद्धत सोडा म्हणणं सोपं नाही, कारण तिच्यामुळेच तो रानाचा तुकडा राखला गेलाय.

लसीबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कर्नाटकात १९९० पासून या तापावर लस देत होते. २००५ ते २०१० या काळातल्या नोंदींवरून असं दिसलं, की दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के संरक्षण मिळायचं, बूस्टर घेतला तर सुमारे ८३ टक्के. पण बूस्टर पुन्हा पुन्हा घ्यावा लागे, टोचल्यावर हात दुखे, लोक कंटाळत. आणि परिणाम कमी पडतोय म्हणून अलीकडे ती लस देणंच थांबलं. नव्या लसीवर काम चाललंय. तोवर सागर तालुक्यात अरळगोडूला २०१८-१९ मध्ये माणसं गेली, २०२४ च्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या सिद्दापूर तालुक्यात पुन्हा ताप आला. १९५७ पासून माहीत असलेला रोग आहे हा. शहरात असता तर कधीच चांगली लस झाली असती, असं मला नक्की वाटतं.

आरोग्यसेविका | ४ फेब्रुवारी, दुपारी १.००

शिरसीकरांचं शेवटचं वाक्य मीही रोज मनात म्हणते.

लक्षणं लिहून ठेवते, कारण डेंग्यू, लेप्टो आणि माकडताप पहिल्या दोन दिवसांत सारखेच वाटतात. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, डोळे लाल, अंग मोडून येणं, उलट्या. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतं. बरेच जण आठ-दहा दिवसांत सावरतात, पण काहींना मधे ताप उतरून पुन्हा येतो, आणि मग मान ताठ होणं, भ्रम, हात-पाय थरथरणं असे मेंदूचे त्रास होतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात. यावर वेगळं औषध नाही, पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक माणसं वाचतात. वेदनेसाठी मनाने ब्रुफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, प्लेटलेट कमी झालेल्या असतात.

आणि कृपा करून डॉक्टरांना सांगा की तुम्ही रानात, काजूत जाता. हे सांगितलं नाही म्हणून पाच-पाच दिवस साध्या तापाचं औषध चाललेलं मी पाहिलंय. २०१६ मध्ये नमुने पुण्याला नाहीतर मणिपालला जायचे, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत पेशंटची अवस्था काय व्हायची ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यांत, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा किंवा डीएमपी तेल. तेलाचा असर काही तासच टिकतो, दुपारी पुन्हा लावायला हवं. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ, आणि घरातल्या माणसाकडून पाठ तपासून घेणं. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. विडीचा चटका, रॉकेल, चुना काही नको.

पायपीट | ४ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

मार्चमध्ये तिलारीला पक्षी बघायला जायचा बेत होता. रद्द करावा का?

आरोग्यसेविका | ४ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

वर लिहिलेली काळजी घेऊन या. पाचोळ्यात बसू-लोळू नका, स्थानिकांनी ‘इकडे जाऊ नका’ म्हटलं तर ऐका, आणि घरी गेल्यावर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते सांगा.

सातेरी | ४ फेब्रुवारी, रात्री ८.५०

रानमेवाताई, तुमचं लिहिणं वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. या सगळ्या यंत्रणेत पहिली सूचना मिळते ती मेलेल्या माकडाकडून. माणसांना ताप यायच्या आधी रान आपल्याला सांगत असतं. आणि ती सूचना दाबली जाते, कारण ती देणाऱ्याचं नुकसान होतं. मग तेलाच्या बाटल्या वाटून काय होणार?

खबर दिली तर काय व्हायला हवं ते मी जेवढं वाचलंय ते असं: माकडाचे नमुने घ्यायचे, प्रेत नियमाप्रमाणे जाळायचं, आणि त्याभोवती पन्नासेक मीटरच्या परिसरात गोचीडनाशक पावडर मारायची. तेवढा तुकडा काही काळ वर्ज्य. अख्खं रान बंद करायची गरज नाही. ज्याच्या बागेत तो तुकडा येतो त्याला त्या हंगामातल्या काजूची भरपाई मिळाली तर लोक स्वतःहून फोन करतील. हत्तीने माड मोडले तर भरपाई मिळते, मग इथे का नाही?

दुसरं मोठं काम जमिनीचं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडं तोडायला उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच मनाई केली. २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं. तरी खासगी डोंगर साफ होतच राहिले, हे तिथे राहणारा कुणीही सांगेल. डोंगर साफ करायचा अर्ज येतो तेव्हा महसूल आणि वन खात्याबरोबर आरोग्य खात्यालाही विचारलं पाहिजे, की याच्या खालच्या वाडीत गेल्या काही वर्षांत माकडतापाचे रुग्ण होते का. निडलेपासून इतकी वर्षं झाली, अजून हा प्रश्न कुठल्याच अर्जात विचारला जात नाही, याचा मला संताप येतो. आणि माकडं मारा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की मेलेलं माकड म्हणजे पाचोळ्यात सांडलेल्या गोचिडी. कुणी मारलं यावर ते ठरत नाही.

रानमेवा | ४ फेब्रुवारी, रात्री ९.३०

ताई, फोन कुठे करायचा? रेंज मिळाली तर.

गुरांचा_डॉक्टर | ४ फेब्रुवारी, रात्री ९.४५

वन खात्याची हेल्पलाइन १९२६. त्याशिवाय जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा आणि आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही. तिन्ही ठिकाणी सांगा, म्हणजे एकाने टाळलं तरी दुसरा येतो. कुठे पाहिलं ते नीट सांगा: ओढा, वाट, कुणाच्या बागेजवळ. फोटो लांबून काढा. हात लावू नका, पुरू नका, कुत्री तिथे जाणार नाहीत एवढं बघा.

रानमेवा | ४ फेब्रुवारी, रात्री १०.०५

नंबर वाडीच्या ग्रुपवर टाकला. डॉक्टरांचं कापडाचं वर्णनही टाकलं, सासऱ्यांनी दोनदा वाचायला लावलं. भरपाईचा विषय ग्रामसभेत घ्यायला सरपंचांना सांगते. सातेरीताई, ते पन्नास मीटरचं आणि काजूच्या भरपाईचं मला अर्जाच्या भाषेत लिहून द्याल का? ठराव बायकांच्या बाजूने मांडायचा म्हणते, कारण पातेरा आम्हीच काढतो.

सातेरी | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१५

लिहितेय. उद्या दुपारपर्यंत मसुदा इथेच टाकते. शिरसीकर, कर्नाटकात ग्रामपंचायतींनी असे ठराव केले असतील तर त्यांची भाषा कळवा. डॉक्टर, गुरांवरच्या औषधाचं कलम तुम्ही सांगा, जूनच्या आधी ते गावात पोचायला हवं.